घोडी होण्याची इच्छा, नवऱ्याची भीती आणि बेळगाव पट्ट्यात आपली माणसं शोधणं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं नवरा-बायको तिशीतले, निपाणीजवळ राहता. खेळात घोडी व्हावं, अंगावर साज चढावा, कुणीतरी लगाम धरून मायेनं चालवावं, ही तुमची इच्छा लग्नाआधीपासूनची. नवऱ्याला सांगितलंत. तो नाही म्हणाला नाही, पण घाबरलाय. तुम्हाला इजा होईल का, ही विकृती तर नाही ना, आणि कुणाला कळलं तर गावात राहायचं कसं, हे त्याचे तीन प्रश्न. शेवटी तुम्ही विचारलंय की बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागात आपल्यासारखं कुणी आहे का, आणि असेल तर नाव बाहेर न जाता भेटायचं कसं.

आहेत. मी याच भागातली आणि बरीच वर्षं हे करत आलेय, बहुतेक वेळा लगाम धरणारीच्या बाजूनं, कधी साज चढवून घेणारीच्या. पण माणसं शोधायच्या आधी तुम्हा दोघांचं घरात नीट जमू द्या. आपल्याला काय हवं आणि काय अजिबात नको हे ज्याला सांगता येत नाही, तो पहिल्यांदा भेटणाऱ्या आत्मविश्वासू माणसाच्या कलानं जातो. घोडीच्या भूमिकेत तर बोलणंच बंद होतं. म्हणून या खेळातलं सगळं महत्त्वाचं बोलणं खेळाच्या आधी उरकावं लागतं. मला तुम्हाला मुख्यतः एवढंच सांगायचंय, पुढचं सगळं त्यातूनच येतं.

पोनी प्ले म्हणजे सज्ञान माणसांनी एकमेकांच्या राजीखुशीनं, ठरवून घेतलेलं सोंग. एकजण घोडा किंवा घोडी, दुसरा स्वार, मोतद्दार किंवा चाल शिकवणारा. खऱ्या जनावराचा यात काडीचाही संबंध नाही, आणि अठरा वर्षांखालच्या कुणाचाही नाही. कुणी तो जोडू पाहत असेल तर त्याच्याशी पुढे एक शब्दही बोलायचा नाही. काहींना सजायला आवडतं: डोक्यावर तुरा, पायात घुंगरं, मान ताठ ठेवून गुडघे उंच उचलत चालणं. काहींना ओढायला आवडतं, घाम निघेपर्यंत. काहींना पाठीवर भार असण्याची ओढ असते. आणि कितीतरी जणांना यातलं काहीच फारसं नको असतं. तासभर निर्णय घ्यायचे नाहीत, घरचा हिशेब डोक्यात ठेवायचा नाही, विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, एवढीच विश्रांती हवी असते. कामसुखाचा भाग कुणाच्या बाबतीत मोठा, कुणाच्या बाबतीत अगदी नाहीच. तुम्ही यातल्या कुठल्या, हे नवऱ्याला सांगितलंय का? 'मला घोडी व्हायचंय' एवढंच ऐकलं तर त्याच्या डोळ्यांसमोर चाबूक येणार, आणि तुमच्या मनात कदाचित चाबूक मुळीच नसेल.

बाहेरून बघणाऱ्याला यात अपमान दिसतो. मला तो क्वचितच दिसलाय. चांगल्या घोड्याची शान असते. त्याला राखावं लागतं, त्याची मर्जी ओळखावी लागते, आणि लगाम धरणाऱ्याचं सगळं लक्ष त्याच्यावर असतं. तुमच्या नवऱ्याला हे आधी सांगा. तो तुमचा मान राखायला घाबरतोय, आणि हा खेळ तोच मान राखायला शिकवतो.

विकृतीबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यातून फेटिशिझम (वस्तूची किंवा अंगाच्या एखाद्या भागाची कामुक ओढ) आणि सॅडोमॅसोकिझम (वेदना देण्या-घेण्यातलं सुख) ही निदानं काढून टाकली आहेत. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या मनोविकारांच्या यादीनं, डीएसएम-५ नंही वेगळी आवड आणि विकार यांत फरक केला. त्या आवडीनं माणसाला स्वतःला मोठा त्रास होत असेल, किंवा राजी नसलेल्या कुणाला त्यात ओढलं जात असेल, तर ती बाब उपचारांची. तुमच्या घरात तसं काहीच दिसत नाही. तरी नवऱ्याला झोप लागत नसेल, मन खात असेल, तर केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. भाषा निवडता येते, पैसे लागत नाहीत. आणि हेही लक्षात असू द्या की संमती तुमची एकटीची नसते. तो नाही म्हणाला नाही याचा अर्थ तो हो म्हणाला असा होत नाही. त्याच्याही 'हे मी करणार नाही'ची यादी असू दे, आणि ती तुमच्या यादीइतकीच पक्की.

इजेची भीती मात्र खरी आहे आणि ती त्यानं सोडू नये असंच मला वाटतं. वात्स्यायनानं शृंगारातल्या आघातांच्या प्रकरणात कुंतलाच्या सातकर्णी सातवाहन राजाचा दाखला दिलाय. भरात केलेल्या 'कर्तरी' नावाच्या आघातानं त्याच्या हातून राणी मलयवती गेली. कुंतल म्हणजे दुसरातिसरा देश नव्हे, दक्षिण महाराष्ट्र नि उत्तर कर्नाटक, आपलाच मुलूख. त्याच प्रकरणाच्या शेवटी तो म्हणतो की भरधाव सुटलेला घोडा वेगानं आंधळा होतो, त्याला वाटेतला खुंट, खड्डा, घळ दिसत नाही. रंगात आलेल्या दोघांचंही तसंच होतं, म्हणून शास्त्र जाणणाऱ्यानं समोरच्याचा नाजूकपणा, आवेग आणि बळ, आणि स्वतःचंही बळ, ओळखून वागावं. मी नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हा श्लोक सांगते, कारण आपल्या खेळात घोडा कोण होतंय यावर धोका ठरत नाही. आंधळा वेग लगाम धरणाऱ्यालाही चढतो.

आता पहिली संध्याकाळ. काहीही विकत आणू नका. दाराला कडी, फोन बंद, अंगात सैल कपडे, दोघांचं पोट हलकं पण रिकामं नाही. दारू नको, थेंबभरही नको. आधी समोरासमोर बसून खुणा ठरवा. तोंड मोकळं असेल तेव्हा थांबवायचा एक शब्द, जो एरवी अशा वेळी तोंडात येणार नाही. 'नको', 'पुरे' हे शब्द सोंगातही निघतात, म्हणून घरात एखाद्या भाजीचं किंवा गावाचं नाव धरलेलं बरं. तोंड बंद असेल तेव्हासाठी दुसरी खूण: हातात छोटी घंटा, ती पडली की खेळ संपला. हातात खुराच्या आकाराचे मोजे असतील तर घंटा धरता येत नाही, मग पाय तीनदा आपटणं, आणि तेही जमत नसेल तर घशातून तीनदा हुंकार. तिन्ही खुणा एकेकदा करून बघा. नुसत्या ठरवू नका, खरंच घंटा टाका, आणि त्यानं खरंच हातातलं सोडून जवळ यायचं. नवऱ्याचं काम उलट बाजूनं: दर चार-पाच मिनिटांनी त्यानं तुमच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं, तुम्ही दोनदा मान हलवायची. उत्तर आलं नाही, उशिरा आलं, नजर भलतीकडे लागलेली वाटली, तर घंटेची वाट न बघता त्यानं थांबवायचं. सोंगात खोल गेलेल्या माणसाला खूण करायचं सुचतंच असं नाही. ही गोष्ट त्याला नीट समजावून सांगा.

मग खरारा. तुम्ही उभ्या राहा किंवा जाड गादीवर गुडघे टेकून बसा. त्यानं केस मोकळे करून मऊ दातांच्या ब्रशनं विंचरायचे, मानेकडून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर, एकाच दिशेनं, सावकाश. बोलायचं कमी आणि एकाच सुरात. जिभेनं टकटक आवाज काढला की एक पाऊल पुढे, तळवा दाखवला की उभं राहणं, एवढ्या दोन आज्ञा पुरतात. पहिल्या वेळी बहुतेकांना हसू फुटतं, फुटू दे. थोड्या वेळानं श्वास लांबतो, खांदे उतरतात, आणि तुमचं अंग कुठल्या स्पर्शाला सैल पडतं नि कुठल्या स्पर्शाला आखडतं हे त्याच्या हाताला कळायला लागतं. तेव्हा त्याची भीती कमी होते. वीस मिनिटांत थांबा. रंगत असलं तरी थांबा.

साजाकडे आता वळू. लगामाची तोंडातली कडी ही सगळ्यांत आकर्षक वस्तू आणि सगळ्यांत जास्त चुकीच्या पद्धतीनं वापरली जाणारीही. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये रिकामी हिरडी असते, लोखंडी कडी तिथं बसते. माणसाच्या तोंडात अशी जागाच नाही. म्हणजे टांग्याच्या दुकानातून आणलेली खरी कडी थेट दातांवर येते, आणि एका हिसक्यात दात पिचतो. सिलिकॉनची किंवा मऊ रबराची, अंगठ्याएवढी जाड, चावली तर दबणारी अशीच घ्या. सुरुवातीला पाच मिनिटं, सवयीनंतरही पंधरा-वीसच्या पुढे नको. लाळ गळणार, तो दोष नाही, खांद्यावर टॉवेल ठेवा. सर्दी असेल, दातांवर कॅप असेल, जबडा कटकट वाजत असेल, मळमळत असेल तर कडी त्या दिवशी पेटीतच राहू दे. आणि दोऱ्या कडीला न बांधता छातीच्या पट्ट्याच्या कड्यांना बांधा. दिसायला तेवढंच सुंदर, आणि ओढ मानेवर न येता खांद्यांवर जाते. गळ्यातला पट्टा केवळ शोभेचा, त्याला दोरी कधीच नाही.

पाठीवर बसण्याबद्दल मी कडक आहे. हातापायांवर ओणव्या माणसाच्या कमरेच्या मधोमध दुसऱ्या मोठ्या माणसाचा भार पडला की मणक्यांवर तो नको तसा येतो. शंभरदा काही होत नाही नि एकदा होतं ते जन्माला पुरतं. घरी करायचंच असेल तर स्वाराचे दोन्ही पाय जमिनीवर, बहुतेक भार स्वतःच्या मांड्यांवर, आणि टेकायचं ते मागे, माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडावर, तेही काही क्षण. स्लिप डिस्क, मानेचा स्पॉन्डिलायटिस, गरोदरपण, यात अजिबात नाही. गुडघ्यांना फरशी बसवणारे कारागीर वापरतात ते जाड पॅड घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, कुणी काही विचारत नाही.

टाच नसलेले खुरांचे बूट फोटोत सुरेख दिसतात. आपल्या घरांत मात्र गुळगुळीत शहाबादी किंवा टाइल्स, आणि पावसाळ्यात त्यांवर दमट थर. आधी साध्या, पकड असलेल्या बुटांत चाल शिका. हात मागे बांधून चालवू नये, पडलं तर माणूस तोंडावरच पडतं. बांधलेल्या हाताला मुंग्या आल्या, बोटं गार पडली की 'थोडं थांबूया' नाही, तत्काळ सोडायचं. त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारी, टोक बोथट असलेली बँडेज कापायची कात्री हाताशी असू दे.

चामड्याचं काम आपल्या भागात घरच्यासारखं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही आहेत, आणि अथणी-निपाणीकडचे कारागीर बाभळीच्या सालीनं नि हिरड्यानं कमावलेलं चामडं अंगठ्यानं पारखतात. छातीचा नि कमरेचा पट्टा त्यांच्याइतका चांगला कुठल्याही वेबसाइटवर मिळत नाही. मापं लिहून न्या, कड्या कुठं हव्या ते कागदावर काढून न्या, पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत हे सांगा. आतून मऊ अस्तर लावून घ्या. कशासाठी, हे त्याला सांगायची गरज नाही. उलट सांगून त्याला आपल्या खेळात ओढणंच चूक, त्यानं कुठं होकार दिलाय? तोंडात जाणारी वस्तू मात्र चामड्याची नको, रंगवलेली तर नकोच.

जागा हा या भागातला खरा अडथळा. एकत्र कुटुंब, गल्लीत भिंतीला भिंत, घुंगराचा आवाज शेजारच्या स्वयंपाकघरात ऐकू येणार. घुंगरात कापूस भरा, फरशीवर जाजम टाका, चाबकाऐवजी मऊ झुपका वापरा. शेतघर सगळ्यांना आधी सुचतं, पण ऊसपट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च रानात माणसांचा राबता असतो, तोडणीच्या टोळ्या, ट्रॅक्टर, रात्री पाणी पाजणारे. खानापूरकडे जूनपासून चिखल. भिंतीआडचं अंगण असेल तरच बाहेर पडा. उघड्यावर, कुणाला दिसेल असं केलं तर सार्वजनिक जागी अश्लील कृत्याचं कलम लागू शकतं, भारतीय न्याय संहितेतलं २९६ वं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रस्त्यानं जाणाऱ्यानं हे बघायला होकार दिलेला नसतो. गाडी ओढण्याचं सध्या मनातून काढा. ते करायचंच तर दांड्याचा भार कंबरेवर लटकू नये, ओढ कंबरेच्या पट्ट्यातून यावी, चाकाला ब्रेक असावा, आणि जमीन सपाट.

खेळ संपला की लगेच स्वयंपाकाला लागू नका. साज उतरवणं हेही त्याचंच काम. पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा ताक, अंगावर चादर, जबड्याला हलका मसाज, आणि तुम्हाला नावानं हाक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे अनेकांना होतं, त्यालाही होऊ शकतं. त्या दिवशी एकमेकांना विचारा.

कायद्याचं इथं थोडं विस्तारानं लिहिते, कारण निम्मी भीती अर्धवट माहितीची असते. बंद दाराआड सज्ञान माणसांनी काय करावं याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला जुन्या दंडसंहितेतल्या, 'अनैसर्गिक' संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सज्ञानांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलमच नाही. दुखापतीबद्दल संहितेचं कलम २५ सांगतं की अठरा वर्षांवरच्या माणसानं धोका पत्करायला होकार दिला असेल, आणि करणाऱ्याचा मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू नसेल नि तशी शक्यता त्याला माहीत नसेल, तर झालेली हानी गुन्हा ठरत नाही. पण गंभीर दुखापतीच्या व्याख्येत, कलम ११६ मध्ये, हाड किंवा दात मोडणं स्पष्ट लिहिलंय. तिथं 'तीच हो म्हणाली होती' हे पुरेसं नाही. म्हणून मघाशी लोखंडी कडीबद्दल एवढं बोलले. भीतीपोटी दिलेला होकार कायद्यालेखी होकार नाही, तो कलम २८.

आता माणसं. बेळगावात पाटी लावलेला असा क्लब शोधू नका. इथं ओळखी एकातून एक होतात. पुणे, मुंबई, बंगळूर इथं किंक, म्हणजे अशा चाकोरीबाहेरच्या कामक्रीडा, आवडणाऱ्यांच्या गप्पांच्या भेटी होतात. त्यांना मंच (इंग्रजी शब्द, व्यासपीठ नव्हे) म्हणतात, १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात ही पद्धत पडली. मंच म्हणजे साध्या कपड्यांत, साध्या कॅफेत, कॉफी पीत केलेल्या गप्पा. तिथं खेळ नसतो, स्पर्श नसतो, टोपणनाव चालतं. आपल्यासारख्यांना पहिला प्रवेश तिथूनच घ्यावा असं मी म्हणते. पुण्याला आता हुबळी-पुणे वंदे भारत बेळगावावरून जाते, बंगळूरला राणी चन्नम्मा रात्रीची. शेकडो किलोमीटर लांबच्या कॅफेत मामेभाऊ भेटण्याची शक्यता कमी, आणि तिथं ओळख झालेला माणूस 'हुबळीला अमुक आहे, तुमच्याच स्वभावाची' असं सांगतो. आपल्या पट्ट्यातल्या माझ्या बहुतेक ओळखी अशा फिरून आल्यात. दिल्लीपासून सुरू झालेला किंकी कलेक्टिव्ह हा गट संमती आणि सुरक्षिततेबद्दल बोलत आलाय, त्यांचं बोलणं ऐका. किंक आवडणाऱ्यांच्या, २००८ पासून चालणाऱ्या फेटलाइफ या संकेतस्थळावर शहरांचे गट सापडतात, पण तिथं भेटलेला माणूस तपासलेला असतो असं समजू नका.

प्रोफाइलवर निपाणी लिहू नका, 'उत्तर कर्नाटक' पुरे. चेहरा नको, गोंदण नको, मंगळसूत्राची ओळखू येणारी घडण नको, भिंतीवरचं दुकानाच्या नावाचं कॅलेंडर नको. फोनमधल्या फोटोत जागेची नोंद दडलेली असते, ती काढून टाका. ईमेल वेगळा. आणि नेहमीचा मोबाइल नंबर कुणाला देऊ नका: ट्रूकॉलरवर टाकला की तुमचं नाव येतं, आणि एवढ्याशा गावात नावावरून आडनाव, आडनावावरून घर निघायला वेळ लागत नाही. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, तो लपवूनच बोला.

कोण टाळायचा? पहिल्याच निरोपात 'गुडघे टेक' म्हणणारा. तुम्ही त्याची घोडी कधी झालात? फोटो आधी, भेट नंतर म्हणणारा. प्रशिक्षणाची फी मागणारा. 'खऱ्या पोनीला मर्यादा नसतात' म्हणणारा तर सगळ्यांत धोक्याचा, त्याला घोड्यांचंही काही कळत नाही. नवऱ्याला बाजूला ठेवून तुमच्याशी एकटीशी बोलू पाहणारा. ज्याच्याबद्दल विचारायला एकही दुसरं माणूस नाही असा. आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते, म्हणून लिहिते: जातीवरून, रंगावरून, भाषेवरून शिव्या हा काहींना खेळाचाच भाग वाटतो. आमच्या ओळखीत मराठी आहेत, कन्नड आहेत, १ नोव्हेंबरला एका घरात काळा दिवस नि दुसऱ्या घरात राज्योत्सव असतो, तरी तीच माणसं एकमेकांच्या हातात लगाम देतात. तिथं भाषेवरून टोमणा आला की तो विश्वास संपला. असा माणूस कितीही अनुभवी असो, आम्ही त्याला पुन्हा बोलवत नाही.

धमकी आली तर, म्हणजे 'पैसे दे नाहीतर सासरी फोटो पाठवतो', पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. धमकावून पैसे मागणं हा खंडणीचा गुन्हा, संहितेचं कलम ३०८. खासगी अंगाचं चित्र संमतीविना पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई खाली. स्टॉपएनसीआयआय नावाची सोय आहे. फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त सांकेतिक ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो पसरण्यापासून अडवतात. सीमेवर राहणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट अशी की पोलिसांनी तपास कसा करायचा हे सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. गावच्या ठाण्यात ओळखीचे चेहरे असतील तर कोल्हापूर किंवा बेळगाव गाठा. कन्नडमध्ये लिहिलेली फिर्याद वाचून, समजून घेतल्याशिवाय सही करू नका. ती वाचून दाखवणं आणि तिची प्रत फुकट देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

पहिली भेट निपाणीत नको, कोल्हापुरात किंवा हुबळीत, दिवसाढवळ्या, गर्दीच्या कॅफेत, दोघांनी मिळून. स्वतःच्या गाडीनं किंवा बसनं जा, त्यांच्या गाडीत बसू नका. त्या दिवशी फक्त बोलणं. मी नव्या माणसाला हमखास विचारते, 'शेवटचा खेळ मध्येच कधी थांबवावा लागला, आणि मग काय केलंत?' ज्यानं खरंच लगाम धरलाय त्याच्याकडे उत्तर असतं: हाताला मुंग्या आल्या, ती रडायला लागली, मलाच जड गेलं. तो दोन वाक्यांत सांगतो आणि तुमच्याकडून काय नको हेही विचारतो. परतीच्या वाटेवर ठरवू नका. घरी येऊन, एक रात्र झोपून, नवऱ्याला विचारा. तो 'मला तो माणूस नको' म्हणाला तर कारण न मागता तिथंच सोडा, आणि तुम्ही म्हणालात तर त्यानंही तसंच करायचं हे निघण्याआधीच बोलून ठेवा.